गोड्या पाण्यातला गळ खाडीत चालेना : शिसं नेमकं बांधायचं कुठे?

भीमाकाठ (रविवार, रात्री ९.५०)

मंडळी, आज भाट्याच्या खाडीला शिशाचे अकरा गोळे देऊन आलो. बदल्यात मासे शून्य. खेकड्यांनी कोळंबी मात्र पोटभर खाल्ली.

मी मूळचा भिगवणकडचा. उजनीच्या फुगवट्यावर शाळेत असल्यापासून गळ टाकतोय. आधी बांबूची काठी, मग पहिल्या पगारातून रॉड आणि रील. तिकडची माझी बांधणी ठरलेली आहे. तंगूसच्या (नायलॉनच्या दोराच्या) टोकाला शिसं, त्याच्या वर वीत-वीत अंतरावर दोन गळ, त्यांना गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. चिलापी तरी लागतेच, नशीब असेल तर वाम. तळाला गाळ आणि पाणी जागच्या जागी. अडकलंच तर धरणात बुडालेल्या बाभळीच्या खोडात, आणि त्या बाभळी कुठे आहेत ते मला पाठ आहे.

दोन महिन्यांपूर्वी बदलीवर रत्नागिरीला आलो. आज दुपारी तीन वाजता पुलाच्या अलीकडे, खडकाळ बाजूला बसलो. बांधणी तीच. फेकलं की शिसं पाण्याबरोबर घरंगळायला लागतं, कुठल्या तरी कपारीत जाऊन बसतं आणि ओढलं की तुटतं. तेही दर वेळी गळांच्या वर तुटतं, म्हणजे शिसं, दोन्ही गळ, चारा, सगळं गेलं. अकरा वेळा!

दुकानात विचारलं तर त्यांनी काउंटरवर पाकिटं पसरली. पॅटर्नोस्टर, कॅरोलिना, टेक्सास, हाय-लो. प्रवासी कंपनीत सहल ठरवायला गेल्यासारखं वाटलं. रॉड ९ फुटी आहे, रील ४०००, त्यावर २० पाउंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोर. यातलं मला नक्की काय लागतं?

आमटीभात (रविवार, रात्री १०.०५)

मी शुद्ध शाकाहारी, पण वाचतोय. अकरा गोळे म्हणजे क्रिकेटचा एक संघ झाला.

देवबागकर (रविवार, रात्री १०.३०)

रे बाबा, पुनव झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीन वाजता, भर सुकतीत तू गरी टाकलंस? तुझा शिसा र्‍हवतला खंय? आणि मासो तरी कित्याक येतलो, तो आपलो दगडाआड गप बसलेलो!

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. रिग, म्हणजे गळाची बांधणी, राहू दे बाजूला, आधी पाणी बघायला शीक. पाऊणकी पाठ होती का शाळेत? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. हा हिशेब मुंबईचा. रत्नागिरीला त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी धर, आमच्या मालवणात आणखी थोडं आधी. आज वद्य प्रतिपदा, म्हणजे मुंबईला भरती पाऊण वाजता आणि तुझ्याकडे बाराच्या आसपास. तिथून पुढे सहा तास सुकती.

पण ते सहा तास सारखे नसतात. उतरणाऱ्या पाण्याचे बारा हिस्से केलेस तर पहिल्या तासाला एक हिस्सा जातो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन आणि शेवटी परत एक. तू तीनला बसलास, म्हणजे बरोबर तिसऱ्या-चौथ्या तासाच्या सांध्यावर. उतरायचं त्यातलं निम्मं पाणी त्या दोन तासांत बाहेर पडत होतं. वर उधाण! उजनीत पाणी उभं असतं, तिथे मनगटाच्या जोरावर चालतं. इथे पंचांग बघावं लागतं.

पुढच्या रविवारी अष्टमी, भांगाचं पाणी, म्हणजे चढ-उतार कमी. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला भरती पुरी होईल. साडेतीनला जाऊन बस आणि पाणी वळेपर्यंत हलू नकोस.

खाजणातला बगळा (सोमवार, सकाळी ७.१५)

काकांनी वेळ सांगितली, मी बांधणीचं सांगतो.

भीमाकाठ, तुम्ही उजनीवर बांधत होता तीच पॅटर्नोस्टर. हाय-लो म्हणजेही जवळपास तेच. शिसं खाली, गळ वर बाजूला लोंबते. खडकावर तीच बांधणी बरोबर आहे, कारण चारा तळापासून वर राहतो आणि खेकड्याला सहज सापडत नाही. तुमची गफलत एकच. शिसं ज्या दोरावर, गळही त्याच दोरावर, आणि दोराची ताकद वरपासून खालपर्यंत एक. मग तुटायची जागा तुम्ही ठरवत नाही, खडक ठरवतो.

शिशासाठी वेगळा तुकडा घ्या. गळ ३० पाउंडी तंगूसवर असतील तर शिशाला ८ किंवा १० पाउंडी तंगूसचा वीतभर तुकडा. शिसं कपारीत बसलं की रॉड बाजूला ठेवा, हाताला फडकं गुंडाळा आणि दोर सरळ ओढा. तो बारीक तुकडा तुटतो, बाकी सगळं घरी येतं. मासा लागलेला असताना शिसं अडकलं तरी हेच होतं. असे मासे मी कितीदा तरी बाहेर काढलेत.

यात एक धोका आहे. बारीक तुकड्यावर पूर्ण ताकदीने फेकायचं नाही. हवेत तुटला तर ८० ग्रॅमचं शिसं कोणाच्या टाळक्यावर जाईल याचा नेम नाही. खालून झोका देऊन सोडायचं. खडकावरून लांब फेकायची गरजही नसते, मासा पायाखालीच असतो.

आणि खडकावर शिसं कशाला घालवता? गॅरेजमधून जुने स्पार्क प्लग आणा, फुकट देतात. एक प्लग साधारण ४०-५० ग्रॅम भरतो. टोकाला जी वाकडी पत्री असते तिच्यात तंगूस ओवायचा, गाठ मारायची आणि पकडीने पत्री दाबून टाकायची. प्लग लांबट असल्यामुळे घरंगळतही कमी.

दुसरी बांधणी सरकत्या शिशाची. कॅरोलिना म्हणतात ती याच घरातली. भोक पाडलेलं शिसं दोरावर मोकळं सोडायचं, त्याखाली एक मणी, मग स्विव्हल (फिरती कडी), मग दीड-दोन फुटांचा लीडर (गळाकडचा शेवटचा दोर) आणि गळ. मणी विसरू नका, नाहीतर शिसं गाठीवर आपटून आपटून गाठ खाऊन टाकतं. मासा चारा घेऊन निघाला की दोर शिशाच्या भोकातून सरकतो, माशाला वजन कळत नाही. शिंगाळा, तांबोशी, जिताडा यांना हे चांगलं. पण वाळूत आणि चिखलात. खडकावर सरकतं शिसं म्हणजे अडकायचं आमंत्रणच. आणि गोल शिसं ओढीच्या पाण्यात टाकू नका, ते गोटीसारखं पळतं. चपटं घ्या, नाहीतर वाळूत रुतणारं पिरॅमिड.

ब्रेडबद्दल शेवटचं. ओढायला ती लोखंडासारखी, पण खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारेवर शिवणाच्या दोऱ्यासारखी कापली जाते. पुढे दीड रॉड लांबीचा ४०-५० पाउंडी तंगूस जोडल्याशिवाय खडकावर जाऊच नका.

भीमाकाठ (सोमवार, सकाळी ९.२०)

बगळाभाऊ, "तुटायची जागा खडक ठरवतो" हे वाचून कालची संपूर्ण दुपार डोळ्यापुढून गेली. ब्रेड आणि तंगूसची गाठ कुठली मारायची? काल मी साधी मारली होती, ती निसटली. अकरातली दोन शिसी तशीच गेली, खडकाचा त्यात दोष नाही.

खाजणातला बगळा (सोमवार, दुपारी १.४०)

सगळ्यात बारीक आणि मजबूत एफजी. रिंगांतून आवाज न करता जाते. पण शिकायला आठवडा आणि मारायला निवांतपणा लागतो, वाऱ्यात ओल्या हाताने जमत नाही. सुरुवात डबल युनीने करा. दोन्ही टोकांची एकेक युनी, एकमेकींवर ओढून बसवलेली. ब्रेडच्या बाजूला आठ वेढे, तंगूसच्या बाजूला चार-पाच. ब्रेड गुळगुळीत असते, कमी वेढ्यांत सुटते. स्विव्हलला ब्रेड थेट बांधायची वेळ आली तर पॅलोमार.

कुठलीही गाठ आवळायच्या आधी तोंडात धरून ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाने तंगूस तापतो आणि तिथेच कमजोर होतो. आवळल्यावर तंगूस त्या जागी पांढरट, कुरळा दिसला तर गाठ कापून नवी मारा. "चालून जाईल" म्हणायचं नाही. मोठा मासा नेमका तिथेच तोडतो.

उरणची पोर (सोमवार, रात्री ८.५५)

सगळे तळातच का शिरलात? खडक खाली आहे ना, मग चारा खाली न्यायचाच कशाला!

मी बोया लावते. सरकता बोया. दोरावर आधी दोऱ्याची छोटी गाठ, ती वर-खाली सरकवता येते. मग मणी, मग बोया, खाली १५-२० ग्रॅमचं शिसं, स्विव्हल, तीन फुटांचा लीडर, गळ. पाणी दहा फूट असेल तर गाठ आठ फुटांवर. फेकताना बोया शिशापाशी येऊन बसतो, पाण्यात पडल्यावर दोर गाठीपर्यंत सरकतो आणि चारा तळाच्या दोन फूट वर तरंगतो. पाणी वाढलं की गाठ वर सरकवा, एवढंच काम. पक्का बांधलेला बोया दहा फुटांवर ठेवून फेकून दाखवा, मग सरकत्याची किंमत कळेल.

चारा म्हणजे जिवंत कोळंबी. बर्फातली नको. कोळंबी उजेडाकडे धरून बघा, डोक्याच्या कवचात एक काळा ठिपका दिसतो. गळ त्या ठिपक्याला लागला तर ती तिथेच मरते. ठिपका चुकवून, वरच्या करवतीसारख्या शिंगाच्या बुडाशी गळ आडवा घालायचा. अशी कोळंबी अर्धा तास उड्या मारते, आणि ती उडी मारताना जो 'टक्' आवाज होतो त्याला जिताडा राहू शकत नाही. छोटी बोय (मासळी) मिळाली तर वरच्या ओठातून गळ घाला. कांदळवनाच्या मुळांच्या कडेने, सुकती संपत आली की बारके मासे चिमटीसारख्या जागांतून बाहेर पडतात. जिताडा तोंड उघडून तिथेच उभा असतो.

जिताड्याला लीडर जाडच हवा. दात बारीक असतात, तो दातांनी तोडत नाही. गालावरच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, मान झटकली की त्यावर दोर कापला जातो. तोंडात बोट घालून, झाकणाला हात लावून फोटो काढणाऱ्यांची बोटं मी पाहिली आहेत.

आणि शिंगाळा लागला तर हाताने धरू नका. पाठीवर एक काटा आणि दोन्ही कल्ल्यांपाशी एकेक, तिन्ही करवतीसारखे आणि विषारी. मी तेरा वर्षांची असताना घुसला होता, तळव्यात. आजीने घमेल्यात सोसवेल इतकं गरम पाणी घेऊन तासभर हात बुडवून ठेवायला लावला. मी रडत होते, ती पाणी बदलत होती. पुढे वाचून कळलं की हे विष उष्णतेने निकामी होतं, डॉक्टरही हेच करतात. फक्त पाणी भाजेल इतकं कढत नको, आणि नंतर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचंच.

आमटीभात (सोमवार, रात्री ९.१०)

आमच्याकडे वांगं चिरताना फार तर देठाचा काटा टोचतो. बरंय आमचं.

भीमाकाठ (मंगळवार, सकाळी १०.००)

ताई, कोळंबीचा काळा ठिपका हे कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नव्हतं. आजीला माझा नमस्कार सांगा.

आणखी एक बावळट प्रश्न. गळाच्या नंबरांचं मला कधीच कळलं नाही. १० नंबर मागितला तर मुंगीएवढा दिला, १/० मागितला तर केवढा थोरला!

पेंड-कोंडा (मंगळवार, सकाळी ११.३०)

नंबर उलटे चालतात. १० पेक्षा ६ मोठा, ६ पेक्षा ४, ४ पेक्षा २, मग १. एकच्या पुढे गाडी फिरते, तिथून १/०, २/०, ४/० अशी वाढत जाते. मुडदुशाला ८ किंवा १०, कारण त्याचं तोंड म्हणजे सुईचं नाकं. काळुंदरालाही ८-१०. तांबोशीला १/० ते ३/०. कंपनी बदलली की माप थोडं बदलतं, म्हणून नंबर मागण्यापेक्षा चाऱ्याशेजारी गळ धरून बघावा.

खाऱ्या पाण्याच्या धाग्यात मी गोड्या पाण्याचा माणूस घुसतोय, पण धागाकर्ता उजनीचा आहे आणि शाळेपासून शिसं टोकालाच बांधतोय हे वाचून राहवलं नाही.

साहेब, गोड्या पाण्यात ओढ नसते, मान्य. म्हणून बांधणी माशाच्या तोंडाकडे बघून करायची. मृगळाचं तोंड खाली वळलेलं, तो तळ चरतो. रोहू मधल्या पाण्यात. कटल्याचा खालचा जबडा पुढे आणि तोंड वर, तो वरच्या पाण्यातलं गाळून खातो. मग कटल्यासाठी तळाशी गोळी ठेवून बसलं तर संध्याकाळपर्यंत डासच चावणार! कटला घास घेत नाही हो, ढग गिळतो. त्याला बोयाखाली, पाण्याच्या मध्यावर, स्प्रिंगवर दाबलेला लाडू हवा. भाजलेली शेंगदाणा पेंड, भाताचा कोंडा, थोडा मैदा चिकटायला, किंचित भाजून कुटलेली मेथी. मैदा जास्त झाला तर लाडू दगड होतो, कमी झाला तर फेकतानाच सुटतो. मुठीत दाबून पाण्याच्या बादलीत टाकून बघा. पाच-सात मिनिटांत कडेने सुटायला लागला आणि पंधरा मिनिटांत संपला तर जमला. स्प्रिंगभोवती चार-चार बोटांच्या तुकड्यांवर तीन-चार गळ, त्यांची टोकं लाडवात हलकी खोचलेली. लाडू विरघळत जातो, गळ त्या ढगात मोकळे होतात, कटला ढगाबरोबर गळही ओढून घेतो.

सायप्रिनस (कार्प मासा) आणि रोहूला हेअर रिग. इंग्लंडात कार्पवाल्यांनी ही बांधणी काढली आणि १९८० नंतर ती जगभर गेली. चारा गळात खोवायचाच नाही. गळाच्या मागे बारीक दोऱ्याचं शेपूट ठेवायचं आणि भिजवून उकडलेला मका किंवा हरभरा त्यात सुईने ओवायचा. गळ उघडा. कार्प चारा आधी ओढून घेतो, चाचपतो, संशय आला की फुंकून टाकतो. गळ चाऱ्यात बुडालेला असेल तर चाऱ्याबरोबर तोही बाहेर. उघडा असेल तर फुंकताना टोक खालच्या ओठात रुततं. नॉटलेस नॉटने गळ आणि शेपूट एकाच दोऱ्यात बांधता येतं. शेपूट किती ठेवायचं? गळाचा बाक आणि मक्याचा दाणा यांत मुगाच्या दाण्याएवढी फट. मी पहिल्यांदा इंचभर ठेवलं होतं, दिवसभर मका खायला घातला.

मरळीला हे काहीच नको. जलपर्णीवरून रबरी बेडूक ओढा, नाहीतर टेक्सास बांधा. पुढे बंदुकीच्या गोळीसारखं शिसं, मागे वाकड्या मानेचा गळ, त्याचं टोक रबरी किड्याच्या अंगात लपवलेलं. झाडोऱ्यातून येतं आणि अडकत नाही. मरळीने बेडूक घेतल्यावर मनात एक-दोन म्हणून मगच झटका द्या. पाणी फुटलं की लगेच झटका देणारे सगळे रिकाम्या हाताने घरी जातात. मीसुद्धा.

हडसनकाठी (मंगळवार, रात्री ११.५०)

न्यू जर्सीहून लिहितोय. इकडे स्ट्राइप्ड बासला चारा लावून गरवायचं असेल तर २०२१ पासून सर्कल हूक सक्तीचा आहे. टोक आत वळलेला, जवळजवळ गोल गळ. पहिला मोसम मी फुकट घालवला. कारण आपल्या हाताला सवय काय? टुचकलं की झटका! सर्कलला झटका दिला की तो चारा घेऊन सरळ तोंडाबाहेर येतो. करायचं एवढंच, की मासा निघाला, दोर ताणला गेला की रील सावकाश फिरवत राहायचं. गळ घशातून सरकत येतो आणि तोंडाच्या कोपऱ्यात फिरून बसतो. मासा गळ गिळत नाही, म्हणून परत सोडला तर जगतो. आणि सोडावाच लागतो, कारण २०२३ पासून २८ ते ३१ इंच एवढ्याच मापाचा, दिवसाला एकच ठेवता येतो. लहानही सोडायचा, मोठाही सोडायचा.

जिताड्याला सर्कल हूक उत्तम जमावा, तोंड तसंच मोठं आहे. तिकडे कोणी वापरतं का?

उरणची पोर (बुधवार, सकाळी ७.३०)

वापरते मी, ५/०. झटका न द्यायची सवय लागायला मलाही सहा महिने गेले. भाऊ तर अजूनही देतो.

आणि मोठा जिताडा सोडायचं म्हणालात ते इथेही लागू आहे. जिताडा लहानपणी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे आठ-दहा किलोचा जो मिरवला जातो ती बहुतेक मादीच. मी चार किलोच्या वरचा सोडते. घरी शिव्या खाते.

सागवान (बुधवार, दुपारी ३.१०)

चांगला धागा. पहिल्या पावसात चढणीच्या माशांना कुठली रिग लावता? ओढ्याला नुसते उसळत असतात.

पेंड-कोंडा (बुधवार, दुपारी ३.३५)

कुठलीच नाही. चढणीचा मासा अंडी टाकायला वर निघालेला असतो. ते आठ-दहा दिवस त्याला सोडा. एक गाभोळीवाला मासा खाल्ला म्हणजे किती मासे खाल्ले याचा हिशेब तुम्हीच करा.

देवबागकर (बुधवार, रात्री ८.१५)

पेंडवाल्यानु, इतको राग नको. वलगणीचे मासे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जातात. पहिला पाऊस, हातात बत्ती आणि इरली, रात्री शेतातून धरलेले चार मासे आणि सकाळी त्यांचं तिखलं. माझ्या वडिलांनी कधी दोन वेळच्या कालवणापेक्षा जास्त आणले नाहीत. मासे कमी झाले ते त्यामुळे नाहीत. ओढा या काठापासून त्या काठापर्यंत बारीक जाळ्याने अडवणारे, बॅटरीचा करंट सोडणारे, ब्लीचिंग टाकणारे, त्यांच्याशी भांडा. त्यांना कोणी काही बोलत नाही, ते ओळखीचे असतात.

पेंड-कोंडा (बुधवार, रात्री ९.००)

करंटवाल्यांबद्दल एकदम मान्य, काका. पण तुमच्या वडिलांच्या वेळी ओढ्याला बंधारे किती होते आणि आता किती? मासा वर चढायलाच जागा उरलेली नाही. चढतो तेवढा तरी चढू द्या. यावर मी हटणार नाही.

देवबागकर (बुधवार, रात्री ९.२०)

बंधाऱ्याचा मुद्दा बरोबर आसा. बाकी नाय.

खाजणातला बगळा (गुरुवार, सकाळी ६.५०)

सागवान, गळ टाकायच्या आधी पाणी कोणाचं ते बघा. धरणं-तलावांत मासेमारीचा ठेका बहुतेक सहकारी संस्थांकडे असतो, विचारल्याशिवाय बसू नका. आणि महाडजवळच्या वाळण कोंडासारख्या देवाच्या डोहात महाशीर आहेत म्हणून चुकूनही गळ काढू नका. तिथे माशांना लाह्या घालतात. गावकरी गळाचं काय करतील ते रिगच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं.

हडसनकाठी (गुरुवार, रात्री ११.१५)

स्पार्क प्लगवरून आठवलं. इंग्लंडात १९८७ पासून एक औंसापर्यंतच्या शिशाची गळासाठी विक्री बंद आहे. हंस तळ चरताना शिशाचे गोळे गिळायचे आणि विषबाधेने मरायचे. म्हणजे भीमाकाठांनी प्लग वापरले तर खिसाही वाचेल आणि खाडीही थोडी वाचेल. प्लगही तसा कचराच, पण त्यातल्या त्यात.

भीमाकाठ (रविवार, रात्री ९.१५)

सादर आहे आजचा अहवाल.

अष्टमी, साडेतीन वाजता हजर. तीच जागा, पण पाणी वेगळंच. मागच्या रविवारी नदीसारखं धावत होतं, आज नुसतं कडेने चढत होतं. ऑफिसशेजारच्या गॅरेजमधून चौदा प्लग आणले होते. चौघांचे इलेक्ट्रोड इतके जळलेले की पत्रीच शिल्लक नव्हती, ते बाद. बाकी दहांना काल रात्री १० पाउंडी तुकडे बांधले. बायकोला वाटलं मी गाडीचं काम शिकतोय.

पहिल्या तासात तीन प्लग गेले. पण, मंडळी, गेले ते फक्त प्लग! फडकं गुंडाळून ओढलं, 'टिक्' झालं आणि दोन्ही गळ चाऱ्यासकट वर. पहिल्यांदा झालं तेव्हा मासा मिळाल्यासारखा आनंद झाला. डबल युनी एकदाही सुटली नाही. वेढे नऊ घातले होते, भीतीने.

दोन बारके शिंगाळे आले. ताई, हात लावला नाही. पकडीने गळ धरून पाण्यातच झटकून सोडले.

सव्वापाचला पाणी जवळजवळ थांबलं. तेव्हा बोया लावला. कोळंबी जिवंत मिळाली होती, बादलीत पाच उरल्या होत्या. पहिलीच्या ठिपक्यातच गळ गेला, ती गेली. दुसरी उजेडाकडे धरून बघितली, तो ठिपका खरंच दिसतो! बोया दगडाच्या कडेने तरंगत होता. दोनदा थरथरला, मग आडवा झाला आणि मग नव्हताच. उजनीच्या सवयीने झटका दिला. सर्कल नव्हता म्हणून बरं. मासा सरळ दगडाखाली शिरला, लीडर कुठे तरी घासतोय ते हाताला कळत होतं. रॉड खाली करून बाजूने ओढला. कसा निघाला मला माहीत नाही. वर आली तेव्हा तांब्याच्या हंड्यासारखी लाल. तांबोशी. घरी काट्यावर पाऊण किलो भरली. काका, पाऊणकीला जागली.

लीडरवर तीन ठिकाणी पांढरे ओरखडे आहेत. ब्रेड असती तर गेलीच होती.

गॅरेजवाला म्हणाला, पुढच्या रविवारी मलाही न्या, प्लग मी आणतो. जाऊ ना?

आमटीभात (रविवार, रात्री ९.२५)

अभिनंदन. गॅरेजवाल्याला आता कळेल की गिऱ्हाइकाचे प्लग इतक्या वेळा का बदलायचे.

देवबागकर (रविवार, रात्री ९.४०)

तांबोशी बरी गावली रे! पण पुढल्या आयतवारी आवस आसा. परत उधाण, भरती तुझ्याकडे साडेधाक-अकराक. तीन वाजता गेलंस तर चौदाच्या चौदा प्लग जातले, गॅरेजवालो धरून. जायचंच असेल तर सकाळी दहाला बसा, पाणी थांबतं तेवढा अर्धा तास गरवा आणि सुकती धरली की उठा.